मॅकडॉवेल काउंटी: कोळसा शिल्लक आहे, माणसे गेली

1900 सालच्या जनगणनेत अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल काउंटीत 18,747 माणसे मोजली गेली. 2020 सालच्या जनगणनेत 19,111. हे दोनच आकडे शेजारी ठेवले तर वाटेल, हा एखादा झोपलेला डोंगरी मुलूख असावा, सव्वाशे वर्षांत इथे काही घडलेच नसावे. पण या दोन आकड्यांच्या मध्ये 1950 साल येते, आणि त्या साली इथे 98,887 माणसे राहत होती.

पाचपट चढून पुन्हा जवळपास तिथेच. असे का झाले, असे कुणालाही विचारले तर पहिले उत्तर येते: कोळसा संपला असेल. हे उत्तर चुकीचे आहे. मॅकडॉवेलमधून कोळसा आजही निघतो. लोकसंख्येची घसरण सुरू झाली तेव्हा तर ही काउंटी कोळसा उत्पादनात देशात आघाडीवर होती. संपली ती कोळशाला असलेली माणसांची गरज. आणि ती संपल्यावर माणसांनी दुसरे काही उभे करावे, तर पायाखालची जमीन त्यांची नव्हती. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या दोन गोष्टींत आहे.

भूगोल: चौघांचे एक बाक

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा आणि तालुका यांच्या मधले काहीतरी. तिला स्वतःचे न्यायालय, स्वतःचा शेरीफ, स्वतःचे शाळामंडळ आणि स्वतःची करवसुली असते. मॅकडॉवेल ही वेस्ट व्हर्जिनियाच्या अगदी दक्षिण टोकाची काउंटी, क्षेत्रफळ सुमारे 1,385 चौरस किलोमीटर. मुख्य ठिकाण वेल्च.

भूगोलाच्या पुस्तकात या भागाला ॲपलेशियन पठार म्हणतात. पठार म्हटले की डोळ्यांपुढे सपाटी येते. इथे सपाटी शोधावी लागते. लाखो वर्षे ओढ्यांनी हे पठार इतके कोरून काढले आहे की उरल्या आहेत त्या फक्त उभ्या उतारांच्या, दाट झाडीच्या डोंगररांगा आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या घळी. अशा घळीला इथले लोक ‘हॉलर’ म्हणतात. टग फोर्क, ड्राय फोर्क आणि एल्कहॉर्न क्रीक हे इथले मुख्य प्रवाह. टग फोर्कचे पाणी बिग सँडी नदीत आणि तिथून ओहायो नदीत जाते.

सपाट जागा मिळते ती फक्त ओढ्याच्या काठाने, एका अरुंद पट्टीत. त्या पट्टीतच ओढा, आगगाडीचे रूळ, रस्ता आणि घरांची रांग. चौघांनी एकाच बाकावर दाटीवाटीने बसावे, तसे हे सगळे बसले आहेत. ओढा फुगला की उरलेल्या तिघांना उठावे लागते. 8 जुलै 2001 रोजी तो फुगला. लोकांनी घरातला चिखल उपसला, काहींनी नव्याने रंग दिले, आणि दहा महिन्यांत, मे 2002च्या सुरुवातीला, तो पुन्हा फुगला. फेब्रुवारी 2025मध्ये पुन्हा पूर आला आणि त्यात जीवितहानीही झाली. वर सरकून राहावे, तर वर उभा कडा. आणि त्या कड्याची मालकी बहुधा दुसऱ्या कुणाची.

जमीन आधी विकली गेली

1858मध्ये व्हर्जिनियातल्या टॅझवेल काउंटीचा तुकडा वेगळा काढून ही काउंटी केली गेली. व्हर्जिनियाचे गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल यांचे नाव तिला मिळाले. पाचच वर्षांत, यादवी युद्धाच्या मध्यात, वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य झाले आणि मॅकडॉवेल त्यात गेली. 1880च्या जनगणनेत इथे 3,074 माणसे होती. मका पेरणे, डुकरे पाळणे आणि शिकार हे जगण्याचे आधार. जंगल कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न रोजच्या जगण्यात फारसा येत नव्हता, कारण जंगल सगळेच वापरत होते.

त्या जंगलाखाली पोकाहॉन्टस क्रमांक 3 नावाचा कोळशाचा थर होता. हा कोळसा तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. गंधक कमी, राख कमी, धूर जवळजवळ नाही. पोलाद गाळण्यासाठी लागणारा कोक करायला यासारखा कोळसा मिळणे कठीण. अमेरिकी नौदलालाही तो आवडे, कारण दूरवरून धूर दिसला तर शत्रूला जहाजाचा सुगावा लागतो.

1883मध्ये सीमेपलीकडच्या व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस गावातून नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने पहिला कोळसा बाहेर नेला. त्या दशकाच्या अखेरीस फ्लॅट टॉप डोंगराखालून बोगदा काढून रूळ एल्कहॉर्नच्या खोऱ्यात उतरले. पण रुळांच्याही आधी जमीन विकत घेणारे येऊन गेले होते. बाहेरच्या भांडवलदारांनी मिळून केलेल्या फ्लॅट टॉप कोल लँड असोसिएशनने मोठमोठे पट्टे ताब्यात घेतले. 1901मध्ये ही सगळी मालमत्ता रेल्वेने विकत घेतली. पुढे ती रेल्वेच्या मालकीच्या पोकाहॉन्टस लँड कॉर्पोरेशनकडे राहिली. खाण कंपन्या ही जमीन भाडेपट्ट्याने घेत आणि टनामागे स्वामित्वधन देत. कोळसा वाहून नेण्याचे भाडेही रेल्वेलाच जाई. म्हणजे खाण नफ्यात असो वा तोट्यात, टन बाहेर पडला की रेल्वेला दोनदा पैसे मिळत.

ही मांडणी नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढची शंभर वर्षे कळत नाहीत. पहिला रहिवासी खाणीत उतरण्याआधीच मॅकडॉवेलच्या संपत्तीचा पत्ता मॅकडॉवेलच्या बाहेरचा झाला होता.

पगारपत्रकावरची गावे

यानंतर माणसांचा जो लोंढा आला त्याचे आकडे असे: 1890मध्ये 7,300, 1900मध्ये 18,747, 1910मध्ये 47,856, 1920मध्ये 68,571, 1930मध्ये 90,479. 1880पासूनच्या पन्नास वर्षांत जवळजवळ तीसपट.

ही वाढ जन्मांतून झालेली नाही. माणसे भरती करून आणली गेली. हंगेरी, इटली, पोलंडमधून बोटीने उतरलेले शेतकरी होते. व्हर्जिनिया, अलाबामा आणि कॅरोलिनांमधून आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. शिवाय आसपासच्या डोंगरांतले गोरे. सुरुवातीच्या दशकांत कृष्णवर्णीयांचा वाटा चौथाईच्या आसपास होता. दक्षिणेत त्या काळी त्यांचा मताधिकार एकेका राज्याने हिरावून घेतला होता. वेस्ट व्हर्जिनियात तो शाबूत राहिला. शाळा वेगळ्याच होत्या, वस्त्याही वेगळ्या. पण खाणीत टनामागचा दर एकच होता आणि मत मोजले जात होते. कीस्टोन गावातून ‘मॅकडॉवेल टाइम्स’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र निघे. ‘फ्री स्टेट ऑफ मॅकडॉवेल’, म्हणजे मॅकडॉवेलचे स्वतंत्र संस्थान, हे काउंटीला चिकटलेले नाव त्याच्या संपादकांचे, एम. टी. व्हिटिको यांचे मानले जाते. 1928मध्ये मॅकडॉवेलच्याच मिनी बकिंगहॅम हार्पर पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी राज्याच्या विधिमंडळात नेमल्या गेल्या. अमेरिकेत कोणत्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्याच साली किंबॉल गावात पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ इमारत उभी राहिली. ती आजही आहे. मॅकडॉवेलची गोष्ट फक्त दारिद्र्याची म्हणून सांगितली जाते तेव्हा हा भाग गळतो, आणि मला ते खटकते. इथे एकेकाळी लोकांनी इतरत्र न मिळणारी प्रतिष्ठा कमावली होती.

तरी गावे कंपनीचीच होती. युनायटेड स्टेट्स स्टीलच्या उपकंपनीने वसवलेले गॅरी हे त्यातले सर्वांत मोठे उदाहरण. पोलाद कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे नाव त्याला दिले, तेच नाव इंडियानातल्या प्रचंड पोलाद शहरालाही. खाणीच्या गॅरीतल्या वस्त्यांना नुसते क्रमांक होते: गॅरी नंबर दोन, नंबर नऊ. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, त्याची फी पगारातून वजा. अनेक ठिकाणी मजुरी ‘स्क्रिप’मध्ये मिळे, म्हणजे कंपनीने पाडलेली नाणी, जी कंपनीच्याच दुकानात चालत. खाणकामगाराने नोकरी सोडली की त्याच दिवशी घरही गेले.

कामगार संघटना बांधू पाहणाऱ्यांसाठी कंपन्यांनी बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर एजन्सीचे बंदूकधारी ठेवले होते. शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवान गावाचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला होता. 1 ऑगस्ट 1921 रोजी तो आणि त्याचा सहकारी एड चेंबर्स खटल्यासाठी वेल्चला आले. दोघेही निःशस्त्र, बायका बरोबर. न्यायालयाच्या पायऱ्यांवर एजन्सीच्या माणसांनी दोघांना गोळ्या घातल्या. त्या महिन्याच्या अखेरीस हजारो खाणकामगार शस्त्रे घेऊन लोगन काउंटीतल्या ब्लेअर डोंगराकडे निघाले आणि शेवटी केंद्र सरकारला सैन्य पाठवावे लागले. मॅकडॉवेलमध्ये संघटना खऱ्या अर्थाने आली ती त्यानंतर बारा वर्षांनी, 1933मध्ये, रूझवेल्टच्या काळात कायद्याचे पाठबळ मिळाल्यावर.

खाणीतल्या मरणाबद्दल एकच सांगतो. 10 जानेवारी 1940 रोजी बार्टलीच्या खाणीत स्फोट झाला आणि 91 जण गेले.

1950: वळणाचा क्षण

1950च्या वेल्चबद्दल वाचताना हेवा वाटतो. शनिवारी संध्याकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. मोटारी इतक्या की नगरपालिकेने 1941मध्येच बहुमजली वाहनतळ बांधला होता, देशातला नगरपालिकेच्या मालकीचा पहिला म्हणून तो सांगितला जातो.

आणि त्याच साली संयुक्त खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी कंपन्यांशी करार केला. मजुरी वाढली. कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतन निधीत टनामागे जाणारी रक्कमही वाढली. बदल्यात संघटनेने यंत्रांना विरोध करायचा नाही. कोळसा कापून, भरून, बाहेर ढकलणारे एकच यंत्र, ज्याला ‘कंटिन्युअस मायनर’ म्हणतात, तेव्हा नुकतेच बाजारात आले होते. त्याच सुमारास देशभरातल्या रेल्वे कंपन्या वाफेची इंजिने काढून डिझेल आणत होत्या आणि घरांतल्या कोळशाच्या शेगड्यांची जागा वायू आणि तेलाने घेतली.

लुईस यांचा हिशेब मला कळतो. थोड्या माणसांना चांगली मजुरी आणि म्हातारपणी पेन्शन, हे सगळ्यांच्या अर्धपोटी मजुरीपेक्षा बरे, असे त्यांना वाटले. पण ‘थोडी माणसे’ हे शब्द मॅकडॉवेलमध्ये काय होऊन उतरले ते पुढच्या जनगणनेत दिसते. 1960मध्ये 71,359. दहा वर्षांत 27,528 माणसे कमी. 1970मध्ये 50,666. वीस वर्षांत जवळपास निम्मी काउंटी रिकामी. माणसे ओहायो, मिशिगन, नॉर्थ कॅरोलिनाकडे गेली. गेले ते तरुण. ज्यांची पन्नाशी उलटली होती, ज्यांच्या फुफ्फुसांत धूळ बसली होती, ते राहिले.

याच काळात एक वाट दिसली होती. 1953मध्ये गव्हर्नर विल्यम मार्लंड यांनी जमिनीतून काढल्या जाणाऱ्या नैसर्गिक संपत्तीवर कर सुचवला, कोळशावर टनामागे 10 सेंट. पैसा रस्ते आणि शाळांना. विधिमंडळाने तो हाणून पाडला. मॅकडॉवेलचा सर्वाधिक कोळसा बाहेर गेला तो नेमका याच दशकांच्या आसपास. दहा सेंटांनी लोकांचे जाणे थांबले असते असे मी म्हणणार नाही. पण मागे राहिलेल्यांना शाळा आणि रस्ते तरी मिळाले असते.

सरकार आले, कंपनी गेली

1960च्या वसंतात अध्यक्षपदाच्या प्राथमिक फेरीसाठी जॉन केनेडी वेल्चला आले. देशाला सर्वाधिक कोळसा देणाऱ्या मुलखात माणसे सरकारी दाणापाण्यावर जगत आहेत, हे त्यांनी पाहिले. पदावर येताच त्यांनी अन्नसाहाय्य वाढवण्याचा आदेश काढला. 29 मे 1961 रोजी पेन्सविल भागातल्या एका बेकार खाणकामगाराच्या पंधरा माणसांच्या कुटुंबाने 95 डॉलरचे फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नखरेदीची सरकारी कूपने, घेतली आणि वेल्चच्या एका दुकानात त्यांवर डुकराचे मांस घातलेल्या घेवड्याचा डबा घेतला. आज कोट्यवधी अमेरिकनांना आधार देणाऱ्या योजनेची सुरुवात या डब्यापासून झाली.

1970च्या दशकात तेलाचे भाव भडकले, कोळशाला पुन्हा मागणी आली आणि लोकसंख्या जवळपास जागच्या जागी थांबली: 1980मध्ये 49,899. आकड्यांच्या उतरंडीत ही एकच पायरी सपाट आहे. माझ्या दाव्याचा हा भक्कम पुरावा वाटतो: माणसांना काम मिळाले की ती जात नाहीत.

मग अमेरिकेचा पोलाद उद्योगच ढासळला. 1986मध्ये यूएस स्टीलने गॅरीतल्या खाणी बंद केल्या. 1990चा आकडा 35,233. त्यानंतर 27,329, मग 22,113, मग 19,111.

या शेवटच्या आकड्यात एक खोच आहे. अमेरिकी जनगणनेत कैदी जिथे कोठडीत असेल तिथला रहिवासी धरला जातो. 2010च्या सुमारास वेल्चजवळ केंद्रीय तुरुंग सुरू झाला. शहरात आणखी एक राज्याचा तुरुंग आहेच, तोही जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत. म्हणजे 19,111 मधून तुरुंगातली माणसे वजा केल्याशिवाय काउंटीत खरोखर घर करून राहणारे किती, ते कळत नाही.

1900 आणि 2020 हे आकडे जवळजवळ सारखे असले तरी ती दोन वेगळी गावे आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे. 1900 मध्ये जवान माणसांची वस्ती होती, आज म्हाताऱ्यांची आहे. इथल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान 2010च्या आसपास 64 वर्षांच्या घरात होते, देशातल्या सर्व काउंट्यांमध्ये तळाला. तीनातला एक माणूस दारिद्र्यरेषेखाली. खाणीत पाठ मोडलेल्यांना वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या गेल्या आणि त्यांच्या व्यसनाने पुढची पिढी खाल्ली. असंख्य मुले आजी-आजोबांकडे वाढत आहेत, कारण मधली पिढी परगावी, तुरुंगात किंवा मातीत आहे. किंबॉलमध्ये 2005मध्ये वॉलमार्ट या साखळीचे मोठे दुकान आले, अकरा वर्षांनी, जानेवारी 2016मध्ये, ते बंद झाले. तोपर्यंत छोटी दुकाने उठून गेली होती. लोकांना ताज्या भाजीसाठी तासभर गाडी हाकावी लागू लागली.

राजकारणही यातच वळले. दशकानुदशके डेमोक्रॅटिक पक्षाला मते देणाऱ्या, 2008मध्ये ओबामांना निवडणाऱ्या या काउंटीत 2016मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मते ट्रम्प यांना गेली. बाहेरून आलेले पत्रकार यावर बरेच लिहितात. तिथल्या पाण्याबद्दल कमी लिहितात.

पाणी

कंपन्यांनी वस्त्या बांधल्या तेव्हा नळही कंपन्यांनीच टाकले. यंत्रे आली, माणसे कमी झाली, तेव्हा कंपन्यांनी घरे राहणाऱ्यांनाच विकली आणि त्याबरोबर नळयोजनाही गावांच्या गळ्यात घातल्या. हजार घरांसाठी टाकलेल्या वाहिन्या, आता पाणीपट्टी भरणारी शंभर घरे. गळती शोधायला माणूस नाही, बदलायला पैसा नाही. कीस्टोनमध्ये ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना सुमारे दहा वर्षे लागू होती. त्या काळात जन्मलेल्या मुलांना नळाचे पाणी थेट पिता येते हे माहीतच नव्हते.

दुरुस्ती सुरू आहे, हेही सांगायला हवे. काउंटीची सार्वजनिक सेवा संस्था एकेका गावाची जुनी योजना ताब्यात घेऊन नव्या वाहिन्या टाकते आहे. शाळांसाठी शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने ‘रीकनेक्टिंग मॅकडॉवेल’ हा उपक्रम चालू झाला. त्यातून वेल्चमध्ये शिक्षकांसाठी राहण्याची इमारत उभी राहिली, कारण शिक्षक मिळत नव्हते आणि मिळाले तर राहायला घर नव्हते. डोंगरांतून चारचाकी मोटारसायकली पळवण्यासाठी हॅटफील्ड-मॅकॉय मार्ग काढले आहेत. दूरदूरचे लोक येतात, रिकामी घरे भाड्याने घेतात. या मार्गांतला मोठा भाग जमीनधारक कंपन्यांच्या जागेतून, त्यांच्या परवानगीने जातो. दीडशे वर्षांनीही पर्यटनाला परवानगी मागायची ती त्यांच्याकडेच.

कोळशाच्या गाड्याही धावतात. पोलादाला लागणारा उत्तम कोळसा रुळांवरून पूर्वेला नॉरफोक बंदरात जातो. अमेरिकेचा असा कोळसा घेणाऱ्या मोठ्या ग्राहकांत अलीकडे भारतही आहे.

ज्या घळींत नळ पोहोचलेला नाही, तिथले लोक रस्त्याकडेला गाडी थांबवून डबे भरतात. डोंगराच्या कुशीतून एक नळी बाहेर काढलेली असते आणि तिला बाराही महिने धार असते. पुष्कळदा ते पाणी बंद पडलेल्या खाणीतून झिरपलेले असते.